एअर फिल्टर जपायचा कसा: ट्रॅक्टर, पिकअप, कार आणि दुचाकीसाठी

धूळ अडवणं हे एअर फिल्टरचं कामच आहे, त्यामुळे नुसत्या धुळीने तो सहसा मरत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून दिलेले फिल्टर उचलून पाहा, कारणं वेगळीच निघतात. पंक्चरच्या दुकानातली हवा टेकवून मारल्याने पडलेली भोकं, टायरवर आपटून चेपलेली पत्र्याची कड, डिझेलने धुऊन सुटलेला कागद, उंदरांनी कुरतडलेला कोपरा, पाणी पिऊन लोळागोळा झालेल्या घड्या. यातली बरीचशी कामं आपण स्वतः, तीही काळजीपोटी केलेली असतात.

लेख लिहिताना ट्रॅक्टर आणि डिझेल पिकअप मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच वाट्याला येते. कार आणि दुचाकीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

किती हवा, कसली धूळ

एक लीटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९ ते १० हजार लीटर हवा लागते. डिझेल इंजिन तर याहून जास्त हवा ओढतं. ४५-५० एचपीचा, पावणेतीन लीटर इंजिनाचा ट्रॅक्टर २००० आरपीएमवर चालवला तर तासाला सव्वाशे-दीडशे घनमीटर हवा आत जाते. दिवसभर रोटाव्हेटर मारला, तर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा मीटर उंच गोदामात मावेल त्याहून जास्त हवा त्या एका फिल्टरमधून गेलेली असते. आणि ही हवा रोटाव्हेटरने उडवलेल्या धुरळ्यातली.

डोळ्यांना दिसणारे मोठे कण तसे कमी त्रासाचे, कारण ते आधीच खाली पडतात. खरा घात करतात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पिस्टन रिंग आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं) यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात हे कण बरोबर मावतात. तेलात मिसळलेली अशी धूळ म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच झाली. रिंग झिजते, बोअर वाढतो, इंजिन ऑइल खायला लागतं.

मातीमातीत फरक असतो. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, कठीणपणाच्या मोहस् मोजपट्टीवर ते ७ वर बसतं, म्हणजे लायनरच्या ओतीव लोखंडाला आरामात ओरखडतं. काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली. तिच्यात क्वार्ट्झ कमी आणि चिकणमाती जास्त, म्हणून तिची धूळ ओरखडे कमी काढते पण फार बारीक असल्याने फिल्टर लवकर चोंदवते. खडी क्रशरची भुकटी, कोराडी-खापरखेडा, चंद्रपूर, परळी या वीज केंद्रांजवळची राख, वणी-घुग्घुस पट्ट्यातली कोळशाची धूळ, कोकणात चिरेखाणीची तांबडी भुकटी, प्रत्येकीचा स्वभाव निराळा. जगभर फिल्टर तपासताना प्रयोगशाळेत जी प्रमाणित धूळ वापरतात ती अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मातीवरून ठरवलेली आहे. तेव्हा खोक्यावर छापलेले तास किंवा किलोमीटर आपल्या रानाला जसेच्या तसे लागू पडतील, असं धरून चालू नका.

मळलेला फिल्टर आणि फाटलेला फिल्टर

ही गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं जातं. कागदी फिल्टर नवा कोरा असतो तेव्हाही चांगलं काम करतो, पण त्यावर धुळीचा पातळ थर बसला की आणखी चांगलं करतो, कारण त्या थराचीच एक जास्तीची चाळण तयार होते. दर दोन दिवसांनी तो थर झटकून टाकला की फिल्टर पुन्हा शून्यावर येतो. शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडताना कडेची धूळ आतल्या स्वच्छ बाजूला पडायची संधी मिळते. म्हणजे साफ करण्यातच दोन्हीकडून नुकसान.

मायलेजचा बागुलबुवाही इथे बाजूला ठेवू. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जातं, हे खरं. पण आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये संगणक हवेच्या हिशेबाने इंधन सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरने अशा गाड्यांच्या मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. वेग घ्यायला मात्र गाडी मंदावते. तेव्हा ‘फिल्टर साफ केला की अ‍ॅव्हरेज वाढतं’ असं कोणी सांगितलं, तर आधी त्याची गाडी कोणत्या जमान्यातली आहे ते विचारा.

फिल्टर चोंदला तर इंजिन दम टाकतं, काळा धूर सोडतं, आपल्याला सांगतं तरी. फाटला तर काहीच सांगत नाही. उलट गाडी मोकळी पळते, आवाज मस्त येतो आणि काही महिन्यांनी निळा धूर दिसतो. तेव्हा शंका असेल त्या वेळी न उघडणं हेच शहाणपणाचं.

आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे ते आधी ओळखा

सुक्या कागदाचा फिल्टर आजच्या बहुतेक ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक आणि कारमध्ये असतो. कारमध्ये तो चौकोनी, ट्रॅक्टर-ट्रकमध्ये नळकांड्यासारखा. मोठ्या गाड्यांत एकात एक असे दोन असतात. बाहेरचा मुख्य, आतला बारका, सेफ्टी फिल्टर.

तेलाचा, म्हणजे ऑइल बाथ प्रकारचा एअर क्लीनर जुन्या ट्रॅक्टरांत आणि डिझेल पंपांच्या इंजिनांत सापडतो. खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी.

तेल पाजलेला कागद बऱ्याच स्कूटर आणि बाइकमध्ये येतो. हात लावला की चिकट लागतो, रंग पिवळट किंवा तांबूस. जुन्या बाइकमध्ये स्पंज, म्हणजे फोमचा फिल्टर असायचा, काहींत अजून असतो.

यांची औषधं एकमेकांना लावली की फिल्टर गेलाच. फोम धुतात, कागद धुवायचा नसतो. सुक्या कागदाला हवा मारतात, चिकट कागदाला अजिबात नाही.

सुका कागदी फिल्टर: उघडण्यापासून बसवण्यापर्यंत

१. आधी इंडिकेटर बघा. ट्रॅक्टर-पिकअपला डॅशवर दिवा असतो किंवा फिल्टरच्या डब्यावर लहान काचेची नळी, जिच्यात लाल पट्टा दिसतो. फिल्टरमागची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तो लाल होतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत ही मर्यादा २० ते २५ इंच पाण्याच्या दाबाइतकी असते. बघायचं ते इंजिन पूर्ण रेसवर असताना, कारण नुसतं चालू ठेवल्यावर हवा कमी ओढली जाते आणि पट्टा वर येत नाही. लाल झालं नसेल तर झाकण उघडायचं कारण नाही. इंडिकेटर बंद पडला असेल तर तो आधी बदला. त्याची किंमत फिल्टरपेक्षा खूप कमी असते.

२. रोज फक्त रबरी जीभ दाबा. फिल्टरच्या डब्याखाली लोंबणारी रबराची चोच असते, तिच्यातून जाड धूळ आपोआप खाली पडते. इंजिन बंद करून ती बोटांनी दाबून मोकळी करा. हे एका मिनिटाचं काम आहे आणि फिल्टरचं आयुष्य याने जितकं वाढतं तितकं कशानेच नाही. जीभ फाटली किंवा हरवली तर लगेच नवी घ्या. तिथे चिंधी कोंबून चालवणारे बरेच भेटतात. मग धुळीला खाली पडायला वाटच राहत नाही आणि सगळा भार कागदावर येतो. प्री-क्लीनरची, म्हणजे फिल्टरच्या आधीच जाड धूळ वेगळी करणाऱ्या भागाची, काचेची वाटी असेल, तर खुणेपर्यंत धूळ साठायच्या आत रिकामी करा.

३. उघडायचंच असेल तर सावलीत, वारा नसलेल्या जागी, इंजिन थंड असताना. शेताच्या बांधावर उभं राहून हे काम करू नका. डबा उघडण्याआधी बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वरची सगळी माती आत जाते.

४. मुख्य फिल्टर झटका न देता, हळू फिरवत काढा. सेफ्टी फिल्टर आतच राहू द्या. तो कधीच साफ करायचा नसतो. हवा मारायची नाही, झटकायचा नाही, धुवायचा नाही. मुख्य फिल्टर तीनदा बदलला की सेफ्टी एकदा बदला. मुख्य फाटलेला निघाला तर त्याच वेळी बदला. ‘आतला काढून टाकला की हवा मोकळी मिळते’ असं सांगणारे मिस्त्री आहेत. मुख्य फिल्टर फाटला तर इंजिन आणि धूळ यांच्यामध्ये फक्त तो एक कागद उरतो, हे ते सांगत नाहीत.

५. हवा मारायची तर आतून बाहेर, आणि दाब कमी. बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत ३० पीएसआय, म्हणजे २ बारच्या आत असं सांगितलेलं असतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर १०० पीएसआयच्या वर सहज देतो. रेग्युलेटर नसेल तर तिथे फिल्टर नेऊच नका. नोझल कागदापासून वीतभर लांब धरा, एका जागी न थांबता घड्यांच्या रेषेत वरखाली फिरवा. बाहेरून आत हवा मारली तर बाहेर अडकलेली धूळ कागदात घुसते आणि तिथेच बसते. बाहेरून दिसायला फिल्टर चकाचक, आतून बंद.

६. आपटू नका. टायरवर, पायरीवर, ट्रॉलीच्या फाळक्यावर फिल्टर आपटायची आपली जुनी सवय आहे. पत्र्याची कड एका बाजूने किंचित चेपली, की रबर नीट टेकत नाही आणि तेवढ्या फटीतून सगळी धूळ जाते. घड्या एकमेकींना चिकटतात ते वेगळंच. अगदी गरज पडली तर हाताच्या तळव्यावर हलक्या थापा, बस.

७. पेट्रोल, डिझेल, रॉकेल कागदाला लावू नका. कागद ज्या राळेने कडक केलेला असतो ती सैल होते आणि घड्या चिकटवणारा गोंद सुटतो. काही मोठ्या फिल्टरना साबणाच्या पाण्याने धुवायची परवानगी पुस्तिकेतच दिलेली असते. तशी असेल तरच धुवा आणि पूर्ण दिवसभर सावलीत वाळू द्या. ओला कागद हवेच्या ओढीने फाटतो.

८. दिवा लावून बघा. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या पोटात छोटा बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च धरा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. चांगल्या कागदातून उजेड सगळीकडे मंद, सारखा दिसतो. सुईच्या टोकाएवढा ठिपका चमकला, तर फिल्टर फेकून द्या. त्यावर एम-सील किंवा टेप लावून चालवायचा विचारही नको. टाचणीएवढं भोक असलं तरी हवा तिथूनच जोरात जाते, कारण बाकीच्या कागदापेक्षा ती वाट सोपी असते.

९. डबा ओल्या फडक्याने पुसा. आतल्या बाजूला हवा मारली तर धूळ थेट इंजिनाच्या नळीत जाते. नळीचं तोंड आधी स्वच्छ कापडाने झाका, पुसून झाल्यावर ते कापड काढायचं विसरू नका. रबर जिथे टेकतं ती गोल कड नखाने फिरवून बघा, तिथे वाळूचा एक कणही नको.

१०. बसवताना रबराला ग्रीस लावू नका. चांगलं पकडेल म्हणून लावतात, पण ग्रीसला धूळ चिकटते आणि काही रबरं ग्रीसने फुगतात. क्लिपा समोरासमोरच्या अशा जोडीने लावा. एक क्लिप तुटली म्हणून तारेने बांधून गावभर फिरणारा डबा एका बाजूने हमखास उघडा राहतो.

असं जपूनही एक फिल्टर साधारण पाच-सहा वेळाच साफ करावा. त्यानंतर किंवा वर्ष झालं की नवा. नेमकी संख्या पुस्तिकेत बघा. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि तास लिहून ठेवले की आठवणीवर विसंबावं लागत नाही.

कारचं यापेक्षा सोपं आहे. तिचा फिल्टर साफ करायच्या फंदात पडू नका. सर्व्हिसिंगच्या वेळी बघा, काळा झाला असेल तर बदला. पेट्रोल कारच्या पुस्तिकांत ३० ते ४० हजार किलोमीटरला बदल असं बहुधा लिहिलेलं असतं, पण महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून रोज जाणारी गाडी किंवा खाणीच्या रस्त्यावरची गाडी असेल तर त्याच्या निम्म्यातच बघायला लागतं. चौकोनी फिल्टर बसवताना एक बाजू नीट खोबणीत बसलेली नसते आणि झाकण मात्र जोर लावून बंद होतं. हीच कारमधली नेहमीची गफलत. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, पुन्हा काढा.

नळ्या आणि क्लॅम्प

फिल्टर लाखमोलाचा असला तरी फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) यांच्या मधली रबरी नळी फाटलेली असेल तर त्याचा उपयोग शून्य. फिल्टरच्या पुढे हवा गाळणारं काहीच नसतं. त्या नळीला चिरा पडतात त्या बहुतेक वाकणाच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही. हाताने दाबून, वाकवून बघा. क्लॅम्प गंजले असतील तर बदला. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे काम लवकर लागतं.

गळती शोधायची सोपी युक्ती अशी: स्वच्छ बाजूच्या नळीत आतून बोटभर जागेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, काही तास गाडी चालवा, मग उघडून बघा. ग्रीसवर मातीचा रंग चढला असेल, तर कुठून तरी धूळ घुसतेय. इथे ग्रीस चालतं, रबराच्या कडेला नाही.

तेलाचा एअर क्लीनर

याच्याकडे हल्ली कोणी लक्ष देत नाही, पण जुन्या ट्रॅक्टरांची संख्या अजून मोठी आहे. कागदाच्या मानाने हा धूळ कमी अडवतो, साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास, आणि इंजिन हळू चालत असताना त्याहूनही कमी. तेव्हा निदान त्याचं तेल तरी नीट असू द्या.

धुळीच्या कामात रोज सकाळी वाटी काढून बघायची. तेल खुणेपर्यंत हवं. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं, शक्यतो इंजिनात टाकतो तेच, ताजं तेल टाका. इंजिनातून काढलेलं काळं तेल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून इथे ओततात. ते आधीच पातळ आणि घाण झालेलं असतं. वाटीच्या तळाशी सेंटिमीटरभर गाळ बसला किंवा तेल चिखलासारखं घट्ट झालं, की सगळं ओतून वाटी डिझेलने धुवा, पुसा, नवं तेल भरा. वरची जाळी डिझेलमध्ये बुडवून हलवा, निथळू द्या, पूर्ण सुकल्यावर लावा. डिझेल टपकत असलेली जाळी लावू नका.

खुणेच्या वर तेल कधीही भरू नका. जास्तीचं तेल हवेबरोबर ओढलं जातं आणि डिझेल इंजिन ते इंधनासारखं जाळायला लागतं. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस कमी होत नाही, स्टॉप ओढला तरी इंजिन बंद होत नाही. याला पळालेलं इंजिन म्हणतात आणि ते पाहणं भयानक असतं.

दुचाकी

चिकट कागदाचा फिल्टर साफ करता येत नाही, फक्त बदलता येतो. हवा मारली की त्यातलं तेल उडून जातं, मग तो साधा विरळ कागद उरतो. पुस्तिकेत सांगितलेले किलोमीटर झाले की नवा लावा.

फोम असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या कोमट पाण्यात चेपून चेपून धुवा. पिळू नका, फोम फाटतो. सावलीत वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पुन्हा चेपा, म्हणजे जास्तीचं निघून जाईल. पेट्रोलने धुतल्याने फोमचे जोड सुटतात, शिवाय आग लागायची भीती आहेच.

काही मुलं आवाज भारी यावा म्हणून डबाच काढून टाकतात किंवा बाहेर उघडा शंकूसारखा फिल्टर लावतात. पुण्याच्या पावसात तो भिजतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात धूळ खातो. धुऊन वापरायचे कापडी फिल्टर चांगले असू शकतात, पण धुतल्यावर तेल जास्त झालं तर कारमध्ये ते पुढे उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं आणि इंजिन अडखळायला लागतं.

हंगामाप्रमाणे

ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर महिनोन् महिने कच्च्या रस्त्यावर असतात. एकामागोमाग दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढच्याच्या धुरळ्यात राहिला, तर फिल्टर दुप्पट वेगाने भरतो. थोडं अंतर ठेवून चालवा. जळत्या पाचटाजवळ ट्रॅक्टर चालू ठेवून उभा करू नका. काजळीने कागद काही तासांत चोंदतो, आणि उडती ठिणगी आत गेली तर कागद पेटू शकतो.

मळणी आणि सोयाबीन कापणीच्या वेळी भुसा, काड, केसर उडतं. प्री-क्लीनरला काही जण साडीचा किंवा मच्छरदाणीचा तुकडा बांधतात. मोठं काड अडवायला मच्छरदाणी एक वेळ ठीक, पण दर अर्ध्या तासाने झटकावी लागते. साडीचं कापड मात्र घट्ट असतं, इंजिनाचा श्वासच अडवतं. यंत्राच्या भुशाचा झोत वाऱ्याबरोबर ट्रॅक्टरपासून लांब जाईल असा ट्रॅक्टर लावला, तर कापडाची गरजच पडत नाही.

पावसाळ्यात दोन संकटं. एक, गाडी धुताना प्रेशरचं पाणी. बोनेट उघडून इंजिनावर फवारा मारायचाच असेल तर हवेच्या नळीचं तोंड प्लास्टिकने बांधा आणि धुऊन झाल्यावर सोडा. फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी निघायला एक बारीक भोक असतं, ते पानं-माती अडकून बंद झालेलं असतं. काडीने मोकळं करा.

दुसरं, साचलेलं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. त्यानंतर पाण्यात इंजिन गेलेल्या गाड्यांच्या कहाण्या मुंबईत अजून सांगतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, एकदाही नाही. अर्ध्या लीटरच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा डिझेल इंजिनात जेमतेम ३० मिलिलीटर असते. तेवढं, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी आत गेलं तरी पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. आधी फिल्टरचं झाकण उघडा. कागद ओला असेल तर गाडी टोइंगनेच न्या, प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्यावरच फिरवा. विम्यात इंजिन प्रोटेक्टची भर घेतलेली नसेल तर असं नुकसान बहुधा नाकारतात.

भातखाचरात चिखलणी करताना चिखलाचे शिंतोडे प्री-क्लीनरवर बसून त्याच्या खिडक्या बंद होतात. संध्याकाळी त्या पुसायच्या.

उंदरांचं काय

पीक निघालं की रानातले उंदीर गोठ्याकडे, गोदामाकडे येतात आणि उभ्या गाडीचा फिल्टरचा डबा त्यांना फार आवडतो. कोरडा, बंद, वर कागद कुरतडायला. पंधरवडाभर उभ्या असलेल्या गाडीला चावी लावायच्या आधी झाकण उघडून बघा. कापसाचे बोळे, गवत, शेंगांची टरफलं दिसली तर फिल्टर दिवा लावून तपासा, नाहीतर सरळ बदला.

बंदोबस्त म्हणजे हवेच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला पाच-सहा मिलिमीटरच्या भोकांची स्टीलची जाळी घट्ट बसवायची. जाळी फिल्टरच्या अलीकडेच असायला हवी. पलीकडे लावली आणि तार तुटली तर ती इंजिनात जाते. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या हे प्रकार चालतात असं म्हणतात, पण डांबरगोळीचा वास एसीतून गाडीत येतो आणि तो रोज हुंगण्यासारखा नाही. धान्य, पेंड, कुत्र्याचं खाणं गाडीजवळ ठेवलं नाही तर जास्त फरक पडतो.

नवा घेताना

फिल्टर खरेदी करताना खोक्यापेक्षा फिल्टर बघा. घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का, गोंदाची रेघ सलग आहे का, रबर बोटाने दाबल्यावर परत फुगतं का. कडक, कोरड्या रबराचा फिल्टर आतून कितीही चांगला असला तरी कडेने धूळ सोडणार. जुना शेजारी ठेवून उंची आणि कडेची जाडी ताडून पाहा, दोन-तीन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. स्वस्तात मिळालेल्या फिल्टरमध्ये कागद कमी घातलेला असतो. घड्या मोजल्या की लगेच कळतं.

सुट्या बाजारातून पत्र्याचा जुना डबा विकत घेताना आत बोट फिरवा. रंग सुटत असेल तर नको.

धूळ आत गेलीच असेल तर

फिल्टर फाटलेला निघाला तर फक्त नवा लावून गप्प बसू नका. स्वच्छ बाजूची नळी पांढऱ्या फडक्याने टर्बोपर्यंत पुसून घ्या. टर्बोच्या तोंडातून टॉर्चने पंख्याच्या पात्यांच्या कडा बघा. खडबडीत, झिजलेल्या दिसल्या तर मेकॅनिकला दाखवा. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदला, पुढची वेळ यायची वाट बघू नका, कारण धूळ आता तेलात फिरत असते. ट्रॅक्टर किंवा ट्रक महागाचा असेल तर जुन्या तेलाचा नमुना तपासणीला देता येतो. त्यात सिलिकॉनचं प्रमाण वाढलेलं आलं तर धूळ गेली हे नक्की, आणि सोबत लोखंडही वाढलं असेल तर झीज सुरू झाली आहे.

त्यानंतर रोज सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी सपाट जागेवर डिपस्टिक बघून पातळी वहीत लिहा. एखाद-दोन महिने ती नेहमीसारखीच राहिली तर काळजीचं कारण नाही. ऑइल नेहमीपेक्षा लवकर खाली जायला लागलं किंवा इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या झाकणातून धुराचा झोत येऊ लागला, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. त्या टप्प्यावर कधी कधी नुसत्या रिंगांवर भागतं. उशीर केला तर लायनरपिस्टनसकट सगळं उतरवावं लागतं.